तांब्यावरची हेडविग

आंधळ्या माणसाच्या वाढदिवसाला चित्र घेऊन येणारी बाई साऱ्या ऑलंड बेटांवर एकच निघावी आणि ती नेमकी आपली नणंद असावी, हे हुल्डाच्या नशिबातच होतं. सकाळपासून हे वाक्य तिने सुनेला निरनिराळ्या चालींत ऐकवलं होतं. पीठ फेटताना ऐकवलं, वेलदोडे कुटताना ऐकवलं आणि आता ओव्हनमध्ये रव्याचा जाड पॅनकेक टम्म फुगला होता, तर त्याच्याकडे बघत पुन्हा एकदा.

"चित्र नाही हो आई, छाप आहे ती," सोल्वेग म्हणाली. ती मारीहामच्या शाळेत चित्रकला शिकवायची, त्यामुळे या विषयात तिला गप्प राहवत नसे. "तांब्याच्या पत्र्यावर मेण चढवायचं, त्यावर सुईने कोरायचं, पत्रा तेजाबात ठेवायचा. जिथे मेण खरवडलंय तिथे तेजाब तांबं खातं. मग त्या चरांत शाई भरायची आणि कागद दाबायचा."

"शेवटी कागदच ना?"

"हो, कागदच."

"आणि तो बघायचा कशाने?"

सोल्वेग आलुबुखाराचा पाक ढवळायला लागली.

हुल्डाचा राग उगाच नव्हता. तिचा नवरा कप्तान अलारिक आज सत्तर वर्षांचा झाला होता. दोन हिवाळ्यांपूर्वी काचबिंदूने त्याचे डोळे गेले, आणि तेव्हापासून तो दिवाणखान्यातल्या खुर्चीवर खाडीकडे तोंड करून बसायचा, म्हणजे हुल्डा बसवायची. धक्क्यावर जाणं बंद झालं. कोणी भेटायला आलं तर "हो", "नाही" आणि "बरं आहे" एवढ्यावर तो भागवायचा. ज्या माणसाच्या आवाजाने केप हॉर्नच्या वादळात खलाशी डोलकाठीवर चढायचे, तो आता कॉफीत साखर हवी का म्हटलं तर खांदे उडवायचा. हुल्डाला हे बघवत नव्हतं. पण ती बघत होती, कारण घरात बघू शकणारी तीच होती.

कप्तानाच्या हेडविग या जहाजाचे दोन फोटो भिंतीवर होते, ते तिने काढून माळ्यावर टाकले. त्यांना दिसत नाहीत आणि मला बघवत नाहीत, एवढंच तिने सगळ्यांना सांगितलं. लग्न झाल्यापासून ती हेडविगला 'माझी सवत' म्हणायची, तेही चारचौघांत, आणि लोक हसायचे. तीन डोलकाठ्यांचं ते जहाज ऑस्ट्रेलियाहून गहू आणायचं, आणि वर्षाचे दहा महिने नवऱ्यालाही घेऊन जायचं. युद्धानंतर ते भंगारात गेलं. सवत मेली तरी हुल्डाला आनंद झाला नाही. जहाज गेलं आणि पाठोपाठ डोळेही गेले, त्यामुळे आनंद व्हायला उसंतच मिळाली नाही.

आणि आज नणंद एड्ला त्याच जहाजाची छाप घेऊन येणार होती.

ही सगळी व्हाल्डेमारची करामत. हुल्डाचा मुलगा शहरात जहाज कंपनीच्या कचेरीत होता आणि तिथे नवं सभागृह बांधलं जात होतं. त्याच्या मुख्य भिंतीवर एड्ला सोडरलुंडने काढलेली हेडविग टांगायची, असा शब्द तो समितीला देऊन बसला होता. स्टॉकहोमपासून हेलसिंकीपर्यंत एड्लाची कोरीव चित्रं लोक जपून ठेवत. वाळत घातलेली जाळी, मासे साफ करणाऱ्या म्हाताऱ्यांचे हात, बर्फात अडकलेली नाव, असलं सगळं तिने काढलं. जहाज मात्र आयुष्यात एकदाही काढलं नाही. का नाही, ते बेटांवर सगळ्यांना माहीत होतं. इकडे जहाजाचं कुठलंही चित्र काढलं की ते आधी कप्तान अलारिककडे तपासायला यायचं, आणि कप्तानाच्या तावडीतून एकही चित्र सुटलेलं नव्हतं. "या बाजूने वारा आणि त्या बाजूला निशाण? वाऱ्यालाच घोळात घेतलंय की यांनी!" असं तो म्हणायचा, आणि बिचारा चित्रकार चित्र काखेत मारून परतायचा. एड्लाने तेरा-चौदाव्या वर्षी एक जहाज काढलं होतं. ते बघून भाऊ म्हणाला होता, "हे तर धक्क्याला बांधलेलंच बुडेल." त्यानंतर तिने पुन्हा प्रयत्न केला नाही.

"तेव्हा दाखवायची हिंमत झाली नाही," हुल्डा पॅनकेक बाहेर काढत पुटपुटली. "आता त्यांना दिसत नाही म्हटल्यावर बरी हिंमत आली."

हे बोलणं जरा जास्तच झालं, हे तिचं तिलाच कळलं. पण तेवढ्यात खाली धक्क्यावर नाव लागल्याचा आवाज आला.

एड्ला आली ती नेहमीसारखीच, डोक्याला रुमाल, पायात गुडघ्यापर्यंतचे बूट आणि अंगावर कुणाचं तरी पुरुषी जाकीट. काखेत कागदाची एक गुंडाळी होती आणि हातात पोत्याच्या कापडात बांधलेलं चपटं काहीतरी, बरंच जड. तेजाबाने तिच्या नखांच्या कडा कायमच्या पिवळ्या झाल्या होत्या. उजव्या हाताच्या बोटांना चिंध्या गुंडाळलेल्या होत्या.

"वहिनी, वेलदोड्याचा वास पार समुद्रावर येतोय."

"या वन्सं. बोटांना काय झालं?"

"तेजाबाने चावली. म्हातारपणी घाई केली की चावतंच ते." एड्लाने चपटं गाठोडं जपून भिंतीला टेकवलं. "दादा कुठाय?"

"जाणार कुठे? खुर्चीतच."

एड्ला आत गेली, भावाच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाली, "सत्तर झालास रे." तो म्हणाला, "बरं आहे." झालं. हुल्डाने दारातून हे पाहिलं. एके काळी ही दोन भावंडं एकत्र आली की तिसऱ्याला तोंड उघडायची सोय नसायची.

कॉफी झाली, पॅनकेकचे चौकोन झाले, त्यावर पाक आणि साय पडली. व्हाल्डेमारचं खाण्याकडे लक्ष नव्हतं. तो सारखा त्या गुंडाळीकडे बघत होता.

"आत्या, उघडू का?"

"खाऊन तर घे."

"समितीचे लोक मागे लागलेत गं. मला एकदा बघू दे, मग सावकाश खातो."

"तू मागितलीस म्हणून काढली ती छाप," एड्ला शांतपणे म्हणाली. "एकच काढली. उघड हवी तर. पण मी सांगते ते आधी..."

पण व्हाल्डेमार आधी ऐकून घेणाऱ्यांतला कधीच नव्हता. त्याने दोरी सोडली, टेबलावरचे कप बाजूला सारले आणि कागद पसरला.

हुल्डाने न बघायचं ठरवलं होतं. तरी मान वळलीच. आणि ती समोर उभी होती, हेडविग, तीनही डोलकाठ्या आभाळात खुपसून, शिडं पोट काढून, पुढच्या टोकाच्या नाळेखाली पाणी फाटत चाललेलं. हुल्डाने तिचा इतका दुस्वास केला होता की तिची एक ना एक काठी तिला पाठ होती. ही तीच होती. पण चित्रातल्या रेघा विलक्षण जाड होत्या. दोर दिसायला हवेत तिथे काळे पट्टे दिसत होते, आणि एड्लाचा हात तर किती नाजूक म्हणून नावाजलेला.

मग सोल्वेग हळूच म्हणाली, "नाव."

नाळेवर जहाजाचं नाव होतं. अक्षरं आरशात बघावीत तशी उलटी.

"सगळंच उलटं आहे," सोल्वेगचा आवाज आणखी खाली गेला. "तांब्यावर उलटं कोरावं लागतं, तेव्हा कागदावर सुलटं उमटतं. हे मी पहिल्या दिवशी मुलांना सांगते. आत्यांनी... सरळच कोरलंय."

 व्हाल्डेमार लाल झाला. सोल्वेगने खाली मान घातली, जणू तिचीच चूक झाली होती. एड्लाने पॅनकेकचा आणखी एक तुकडा घेतला.

"काय झालं?" खुर्चीतून अलारिकचा आवाज आला. "सगळे गप्प का?"

"काही नाही," हुल्डा म्हणाली. "छान आलीय."

"तू हेडविगला छान म्हणालीस? म्हणजे नक्कीच काहीतरी बिघडलंय."

आज सकाळपासूनचं त्याचं हे सगळ्यांत लांब वाक्य होतं. पण तिकडे लक्ष द्यायला व्हाल्डेमारला वेळ नव्हता.

"आत्या, हे काय केलंस तू?" तो म्हणाला. "साऱ्या शहराला मी सांगून बसलोय! त्या भिंतीला चौकट बसवून तयार आहे! उलटं नाव टांगू तिथे? लोक म्हणतील, एड्ला सोडरलुंडला आता वय झेपत नाही. पहिल्या वर्षाची पोरं सुद्धा अशी चूक करत नाहीत. आणि रेघा बघ, तेजाबात टाकून झोपली होतीस का?"

"व्हाल्डेमार!"

हे हुल्डा ओरडली. स्वतःच्या आवाजाने तीही दचकली. सकाळपासून नणंदेच्या नावाने बोटं मोडणारी बाई आता तिच्या बाजूने उभी राहिली होती, आणि त्यात तिला स्वतःला काहीच विचित्र वाटत नव्हतं. एड्लाला टाकून बोलायचा हक्क तिचा होता. तो तिने वर्षानुवर्षं राबून मिळवला होता. मुलाने तो आयता वापरायचं कारण नव्हतं.

"आत्याशी बोलतोयस, तुझ्या कारकुनाशी नाही. तुझी भिंत, तुझा शब्द, तुझी समिती! तिला विचारलं होतंस शब्द देण्याआधी? चुकली असेल तर चुकली. तुझ्या कचेरीत कधी कुणाची चूक होत नाही?"

"आई, तूच तर सकाळपासून म्हणत होतीस..."

"मी म्हणेन काहीही!"

एड्ला हसली. तिने बशी खाली ठेवली, हात पुसले.

"भांडू नका. वहिनी, पहिल्यांदाच माझ्या बाजूने बोललात आणि तेही फुकट गेलं, कारण मी चुकलेली नाही." ती उठली. "सरळच कोरलंय मी. जाणूनबुजून. कागदासाठी नव्हतंच ते."

तिने भिंतीशी ठेवलेलं गाठोडं उचललं, पोत्याचं कापड सोडलं. आत तांब्याचा पत्रा होता, चांगला मोठ्या ट्रेएवढा, शाई पुसून लख्ख केलेला. तिने तो नेऊन भावाच्या मांडीवर ठेवला.

"दादा, हात दे."

"हे काय?"

"हेडविग."

अलारिकचा चेहरा दगडासारखा झाला. "चेष्टा नको, एड्ला."

"हात दे म्हटलं."

"मला चित्रं दाखवायला आणू नका!" तो गरजला, अगदी जुन्या आवाजात. बशा थरथरल्या. "सत्तर वर्षांचा झालो म्हणून मला खेळणी द्यायला लागलात? उचल हे. हुल्डा, उचल!"

हुल्डा पुढे झाली. याचीच तिला धास्ती होती. रिकाम्या खुर्चीला बरं असतं, पण या खुर्चीत अजून माणूस होता आणि त्याचा अपमान चारचौघांत व्हायचा होता. तिने पत्रा उचलायला हात घातला, आणि थांबली. पत्रा ढकलायला म्हणून अलारिकने अंगठा कडेला लावला होता, आणि तो अंगठा तिथेच अडकला होता. एका चरावर.

अंगठा थोडा पुढे सरकला. मागे आला. पुन्हा पुढे गेला.

"ही नाळ आहे," अलारिक म्हणाला.

 त्याने तर्जनी ठेवली, मग मधलं बोट. नाळेवरच्या अक्षरांवरून बोट फिरलं, सरळ, आपण वाचतो त्या दिशेने, आणि शेवटच्या अक्षराशी थांबलं. मग बोटं पहिल्या डोलकाठीच्या बुंध्याशी गेली आणि वर चढू लागली. आडव्या काठ्या लागल्या तशी ती एकेका काठीवर डावी-उजवीकडे जाऊन परत यायची. शिडांच्या फुगवट्याला एड्लाने तेजाब असं खेळवलं होतं की तांब्यालाच उतार आला होता. त्या उतारावरून कप्तानाचा तळवा सावकाश घसरला.

"वारा डाव्या अंगाने," तो स्वतःशीच म्हणाला. "चांगला आहे."

सोल्वेगने टेबलावरच्या छापेकडे पाहिलं, मग पत्र्याकडे, आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं. त्या जाड रेघा का आल्या, ते तिला आता कळलं होतं. "बोटाला लागाव्यात म्हणून इतक्या खोल?" तिने हळूच विचारलं.

"किती पत्रे वाया घालवले विचारू नकोस," एड्ला म्हणाली. "खोल जावं म्हणून जास्त वेळ ठेवलं की तेजाब आडवंही खातं, कडा ढासळतात. मग थोडं खाऊ द्यायचं, बाहेर काढायचं, झालं तेवढं झाकायला लाख लावायची, पुन्हा बुडवायचं. कुरव पक्ष्याच्या पिसाने बुडबुडे झाडत बसायचं. आणि दर वेळी डोळ्यांना फडकं बांधून हात फिरवायचा. मला दिसतं ना, तीच अडचण होती. डोळे चोरून मदत करायचे. फडकं सोडलं की सगळं बरोबर वाटायचं, बांधलं की नुसता खडबडीत पत्रा."

हुल्डाने तिच्या चिंध्या गुंडाळलेल्या बोटांकडे पाहिलं. या बाईने वर्षभर आपल्या कामाच्या झोपडीत स्वतःला आंधळं करून घेतलं होतं. आपण दोन वर्षं त्याला जपलं, भरवलं, हाताला धरून फिरवलं, पण हे आपल्याला सुचलं नाही. तिला मत्सर वाटला का? वाटला, थोडा. पण त्याहून कितीतरी जास्त वाटला तो अभिमान, आणि तोही आपल्याच माणसाबद्दल वाटतो तसा, छाती भरून.

"एड्ला!" अलारिक खेकसला.

"काय?"

"मागच्या डोलकाठीचा तणावा एक कमी आहे. मागे बांधतात तो."

व्हाल्डेमारने कपाळाला हात लावला. पण एड्लाचा चेहरा दिवा लावल्यासारखा उजळला. ती भावाच्या पायाशी जमिनीवरच बसली.

"मुद्दाम गाळलाय. दोन दोर फार जवळ येत होते. मधली भिंत तेजाब खाऊन टाकतं, मग बोटाला एकच खड्डा लागतो."

"मग दुसरा जरा लांब घे. पण दोर हवा. त्याच्याशिवाय पहिल्या जोराच्या वाऱ्यात काठी खाली येईल."

"घेते."

"मी दाखवतो कुठे ते. नुसतं घेते म्हणून घरी जाऊन विसरशील."

"आणि बाकी?" एड्लाने विचारलं. साठीतल्या त्या बाईचा आवाज चौदा वर्षांच्या मुलीचा झाला होता. "बाकी कसं आहे, दादा?"

 अलारिकचे दोन्ही हात पत्र्यावर पसरले होते, आणि चेहरा खिडकीकडे नव्हता की कुणाकडे नव्हता.

"बाकी मी आत्ता जहाजावर आहे," तो म्हणाला. "मला बोलायला लावू नकोस."

एड्लाने तोंड फिरवून नाक पुसलं. तेही जाकिटाच्या बाहीला.

"पण मग समितीला काय सांगू?" व्हाल्डेमारने विचारलं. आवाज बराच नरम झाला होता. "छाप तर उलटीच राहणार."

"समोरच्या भिंतीवर आरसा लाव म्हणावं," हुल्डा म्हणाली. एड्ला मोठ्याने हसली, सोल्वेग हसली, आणि खुर्चीतूनही एक घोगरा आवाज आला. तो हसण्याचा होता हे ओळखायला हुल्डाला जरा वेळ लागला. व्हाल्डेमारने आत्यासमोर जाऊन, "चुकलो," म्हटलं. एड्ला म्हणाली, "सभागृहाला दुसरा पत्रा करून देईन, पाहिजे तसा सुलटा. आता जहाज काढायला भीती राहिली नाही मला."

हुल्डा रिकामे कप गोळा करायला लागली. काहीतरी हातांना हवं होतं.

"हुल्डा, ते ठेव. इकडे ये."

"कॉफी आणते ना, कप्तान."

"नंतर. हात दे."

ती खुर्चीशी वाकली. त्याने तिचा हात चाचपून पकडला, तिचं बोट मोकळं केलं आणि पत्र्याच्या मागच्या टोकाला नेऊन ठेवलं. थंडगार तांबं, आणि त्यात एक छोटा चौकोन.

"इथे मी उभा असायचो," तो म्हणाला. "सुकाणूच्या मागे. तुला कधी नेलं नाही इथवर. तू विचारत नव्हतीस, आणि मी..." त्याने वाक्य सोडून दिलं. "काय दिसतंय?"

"तांबं," हुल्डा खरं तेच बोलली. "नुसत्या रेघा."

"डोळे मीट. उघडे असले की नाही दिसत."

हुल्डाने डोळे मिटले. त्याच्या बोटांखाली तिचं बोट हळूहळू सरकू लागलं. फळ्या लागल्या, कठडा लागला, मग एक जाड उभी कड लागली आणि बोट वर चढायला लागलं, खूप वर, आणि तिला खरोखरच वाटलं की खाली काहीतरी हलतंय.

"पडेन हो," ती म्हणाली.

दोन वर्षं या घरात जे फक्त हुल्डा म्हणत आली होती, ते आज तो म्हणाला.

"मी धरलंय."